आधी नोंदीला धनी द्या, मग सॉफ्टवेअर घ्या

प्रश्न : आमची शेतकऱ्यांची संस्था यवतमाळ, वाशीम आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत काम करते. कापूस-सोयाबीनची खरेदी, जिनिंग, बी-खताची विक्री, सभासदांना उचल, असा पसारा आहे. तीन वेगवेगळ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं आहेत, उरलेलं सगळं एक्सेलवर चालतं. सभासद किती असं विचारलं तर तीन विभाग तीन आकडे देतात. चुकाऱ्यांत, म्हणजे शेतकऱ्यांना मालाचे पैसे देण्यात, दर हंगामात घोळ होतो. संचालक मंडळ म्हणतं, हे सगळं काढून टाका आणि एक मोठी ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं मिळून एकच सॉफ्टवेअर, आणा. आमच्याकडे तीन डेव्हलपर आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर :

तुमच्या तीन विभागांचे तिन्ही आकडे बहुधा बरोबर असतील. शेअर विभाग भाग घेतलेल्यांना मोजतो. खरेदी विभाग यंदा ज्याच्या नावाने काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, फाटली त्याला मोजतो. उचल देणारा विभाग आठ-अ हा जमिनीचा उतारा पाहून खातेदार मोजतो. आता एक घर घ्या. बाप भागधारक आहे, शेत मायच्या नावावर आहे आणि माल घेऊन पोरगा येतो. एकाच घरचे तिघे तीन याद्यांत आहेत आणि एकही यादी खोटी नाही. हा गुंता तसाच ठेवून ईआरपी आणली, तर हे तिघे तिथेही तीन वेगळ्या पडद्यांवर जाऊन बसतील. मग वार्षिक सभेच्या आधी कोणीतरी दरवर्षीप्रमाणे एक्सेल उघडून रात्रभर जुळवाजुळव करत बसेल.

गावागावांत पसरलेल्या संस्थांची सॉफ्टवेअरं बांधण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. त्यावरून माझं ठाम मत असं, की अशा ठिकाणी तांत्रिक अडचण नंतरची असते. ही नोंद कोणाची, ती चुकली तर कोण सुधारेल आणि तिचा अर्थ कोण ठरवेल, हे कोणी ठरवलेलं नसतं. सगळे आयटीकडे बोट दाखवतात. आयटी नोंद सांभाळू शकतं, पण सभासद कोणाला म्हणायचं हे तुमच्या डेव्हलपरने ठरवू नये. आज तोच ठरवतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही आणि त्याला संध्याकाळपर्यंत कोड लिहून द्यायचा असतो.

धनी ठरवायची माझी कसोटी साधी आहे. नोंद चुकल्यावर शेतकरी ज्याच्या टेबलापुढे येऊन उभा राहतो, तो तिचा धनी. सभासद यादी शेअर विभागप्रमुखाची, भाव आणि कपातीचे नियम खरेदीप्रमुखाचे, बँक खाती लेखापालाची. प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीसाठी अर्ध्या पानाचा कागद करा. तिचा अर्थ काय, ती कुठे जन्माला येते, कोण बदलू शकतं, आणि खाली सही. सभासद, खातेदार आणि विक्रेता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा लिहून ठेवलं की तीन आकड्यांचं भांडण तिथेच मिटतं, कारण प्रत्येक आकड्याला आपापलं नाव मिळतं. संगणकशास्त्रज्ञ मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं आहे की संस्था जशी आपसांत बोलते तसंच तिचं सॉफ्टवेअर घडतं. विभाग एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांची डेटाबेसमधली टेबलंही बोलणार नाहीत.

अर्थ ठरवणं म्हणजे किती बारकाईने, हे एका रकान्यावरून सांगतो. तुमच्या फायलींत ‘क्षेत्र’ नावाचा रकाना असेलच. त्यात १.२० लिहिलंय. ज्याने सातबारा पाहून भरलं, त्याच्या लेखी ते १ हेक्टर २० आर. ज्याने शेतकऱ्याला तोंडी विचारून भरलं, त्याच्या लेखी १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. आणि पुण्याच्या कंपनीतल्या ज्या मुलाने सॉफ्टवेअर लिहिलं, त्याच्या लेखी ते दशांशातले १.२ एकर. गुंठ्यांत मोजलं तर पहिलं साधारण ११९ भरतं, दुसरं ६० आणि तिसरं ४८. याच रकान्यावरून तुम्ही उचल ठरवता आणि एकरी उतारा काढता. संचालकांना दाखवायच्या रंगीत डॅशबोर्डवर मग काहीही दिसलं तरी आश्चर्य नको. उपाय म्हणजे एकक रकान्याच्या नावातच घालायचं, ‘क्षेत्र_आर’ असं, आणि साठवायचं फक्त आरमध्ये. पडद्यावर एकर-गुंठे दाखवा, लोकांना तेच कळतं. हीच गत खंडी या मापाची आहे. रुईच्या व्यवहारात खंडी साधारण ३५६ किलोची असते, धानपट्ट्यातली खंडी निराळी. पुढेमागे तुम्ही भंडारा-गोंदियाकडे पसरलात तर ‘खंडी’ हा शब्द डेटाबेसमध्ये येऊच देऊ नका, किलो लिहा.

एक्सेलबद्दल. एक्सेल वाईट नाही, मीही रोज वापरतो, पण माहिती साठवायची ती जागा नव्हे. शेताचा गट क्रमांक ३/२ टाकला की एक्सेल त्याची ३ फेब्रुवारी करून टाकतं. ११२/२ मात्र तसाच राहतो, कारण ११२ तारीख नसते. त्यामुळे रकाना अर्धाच बिघडतो आणि वरवर चाळणाऱ्याला कळत नाही. सोळा आकडी बँक खात्याचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे नेमके धरतं. आपल्याकडचेच लोक निष्काळजी आहेत असं समजू नका. २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. त्याच वर्षी इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या आकडेवारीतून १५,८४१ कोरोना रुग्ण काही दिवस गळाले. जुन्या एक्सेल फायलीत ६५,५३६ च्या पुढे ओळी बसत नाहीत, एवढंच त्याचं कारण होतं. तेव्हा केंद्रांवरून एक्सेल मागवणं लगेच बंद होणार नसेल, तर निदान आत घेताना तपासणी लावा. तारखेसारखा दिसणारा गट क्रमांक परत पाठवायचा. शून्याने संपणारी सोळा आकडी खाती वेगळी काढायची. बँक शाखेच्या आयएफएससी कोडमध्ये पाचवं अक्षर शून्य असतं, तिथे ‘ओ’ आला असेल तर थांबवायचं. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा हा आधीच्या अकरांवरून निघणारा पडताळा आकडा असतो, त्यामुळे टाइप करतानाची चूक जागेवरच पकडता येते. या चार तपासण्या लिहायला तुमच्या डेव्हलपरला दोन दिवस पुरावेत.

मराठी नावांचं दुखणं वेगळं आणि जास्त चिवट आहे. जुन्या याद्या कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर आत साठवलेली अक्षरं मुळात इंग्रजीच असतात, फक्त दिसायला मराठी. त्या एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मूळ फाइल कुलूपबंद ठेवा. युनिकोडमध्ये आल्यावरही सुटका नाही. ‘वऱ्हाडे’ हे आडनाव एका कीबोर्डवर नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, ‘ऱ’ने लिहिलं जातं, दुसऱ्यावर ‘र’, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी दोन वेगळी माणसं. युनिकोडचं एनएफसी नावाचं सामान्यीकरण नुक्ता जोडून किंवा सुटा लिहायच्या दोन तऱ्हा एक करतं, पण जोडचिन्हाची तऱ्हा तशीच सोडतं, तिच्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. त्यात राऊत आणि राउत आहेत, देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडे आहेत, आडनाव आधी की नाव आधी हा घोळ आहे, लग्नानंतर बदललेली नावं आहेत. म्हणून नावावरून माणूस जुळवू नका. नाव हे फक्त दाखवायला.

माणसाला एक निरर्थक क्रमांक द्या. निरर्थक म्हणजे ज्यात जिल्हा, तालुका, वर्ष असं काही कोंबलेलं नाही असा. ज्यांनी अकोल्याचं ‘एके’ क्रमांकाच्या पुढे लावलं होतं, त्यांना १९९८ मध्ये वाशीम वेगळा जिल्हा झाल्यावर काय करावं सुचत नव्हतं. १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया निघाला तेव्हा तेच. शासनाचा शेतकरी ओळख क्रमांक जरूर नोंदवा, पण तो एका रकान्यात, तुमच्या स्वतःच्या क्रमांकाच्या जागी नको, कारण तो अजून न काढलेले सभासदही असतात. गावाचं नाव हाताने टाइप करू देऊ नका. बोरगाव, सावंगी, वडगाव, पिंपरी या नावांची एकेका जिल्ह्यात किती गावं आहेत मोजून पाहा, वर खुर्द-बुद्रुक आणि आपल्याकडची रिठी गावं, जिथे माणूस राहत नाही पण सातबारा असतो. पंचायत राज मंत्रालयाच्या एलजीडी (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) यादीत प्रत्येक गावाला कोड आहे. ती यादी आणा, तालुका निवडला की गाव निवडता यावं असं करा, आणि कोड साठवा.

बँक खात्यांनाही मुदत असते हे लोक विसरतात. १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. त्याआधी २०१९ ला देना बँक बडोदा बँकेत गेली होती. असं झालं की जुने आयएफएससी कधीतरी बंद होतात आणि चुकारे परत येतात. परत आलेल्या चुकाऱ्यांची यादी रोज लेखापालाच्या पडद्यावर आपोआप यायला हवी. हंगाम संपल्यावर मिळालेल्या यादीला काही अर्थ नाही.

आता सर्वांत नाजूक जागा, म्हणजे काटा. सगळी माहिती तिथे जन्मते आणि तिथल्या माणसाला कोणी विचारत नाही. नोव्हेंबरात फाटकाबाहेर ट्रॅक्टर आणि मेटाडोरची रांग लागलेली असते, हमाल खोळंबलेले असतात, आणि तुमचं सॉफ्टवेअर त्या पोराकडून अठरा रकाने मागतं. एका केंद्रावर काट्यावरचा मुलगा मला म्हणाला होता, ‘भाऊ, इकडे लोकं बोंबलून रायले, अन् तुमचं कॉम्प्युटर इमेल मांगून रायलं.’ तो सगळ्या शेतकऱ्यांना एकच ईमेल पत्ता टाकत होता, स्वतःचा. त्याचं काही चुकलं नव्हतं. सक्तीचा रकाना पण भरायला वेळ नाही, असं झालं की माणूस खोटं भरतो. काट्यावर चार-पाच गोष्टींपेक्षा जास्त मागू नका: कोण, काय माल, भरलेलं वजन, रिकामं वजन, ओलावा. वजन काट्यावरून थेट संगणकात येत असेल तर फारच उत्तम, हाताने टाइपच करू नका. बाकी माहिती सभासद करताना एकदाच घ्यायची.

आणि लाइन जाणार, नेट जाणार, हे गृहीत धरूनच बांधा. काटापट्टीचा क्रमांक केंद्रावरच्या यंत्रात तयार व्हावा, सर्व्हरवर नको. नेट आल्यावर तीच पट्टी दोनदा-तीनदा वर पाठवली गेली तरी सर्व्हरने ती एकदाच धरली पाहिजे. दुबार चुकाऱ्यांचं कारण मी जिथे जिथे शोधलं, तिथे बहुतेक वेळा हेच निघालं: नेट अडकलं, पोराने बटण पुन्हा दाबलं. चूक सुधारायची तर मूळ नोंद पुसू नका, उलट नोंद टाका आणि कोणी, कधी, का ते ठेवा. हिशेबनीस वह्यांत हेच करत आले आहेत.

चुकाऱ्यांच्या घोळाचं दुसरं कारण कोडमध्ये आहे, आणि इथे डेव्हलपरच्या सवयींचा विषय येतो. ओलाव्याची कपात घ्या. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, पुढे दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, माल घेत नाही. म्हणजे दहा टक्क्यांना ७९४७ रुपये ८० पैसे. इथवर सोपं आहे. समजा, तुमची संस्थाही याच नियमाने खरेदी करते आणि मीटरने ८.४ दाखवलं. प्रमाणात कापलं तर भाव ८०७७.५६ येतो, अपूर्णांक सोडून दिला तर ८११०, वरचा टप्पा धरला तर ८०२८.९०. पंधरा क्विंटलवर सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत १२१६ रुपये ५० पैशांचा फरक पडतो. यातलं कुठलं सूत्र लावायचं हे खरेदीप्रमुखाने लिहून, सही करून द्यावं. पैसे आधी पूर्णांकात आणायचे की शेवटी, तेही त्यानेच.

मग त्याच्याकडूनच पंधरा-वीस खऱ्या काटापट्ट्या आणि प्रत्येकीची हाताने काढलेली बरोबर रक्कम मागून घ्या. ८.०, ८.४, १२.०, १२.१ अशा काठावरच्या मुद्दाम घ्या. डेव्हलपरने त्यांच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या लिहाव्यात, आणि त्या पास झाल्याशिवाय एकही बदल केंद्रांवर जाऊ नये. सगळ्या सॉफ्टवेअरला चाचण्या लिहीत बसू नका, ते कधीच पुरं होत नाही. पैशाला हात लागतो तिथून सुरुवात करा. भाव कोडमध्ये लिहू नका आणि जुन्या भावावर नवा चढवू नका. भावाचं वेगळं टेबल करा, कधीपासून कधीपर्यंत हे दोन रकाने त्यात हवेतच. नाहीतर २०२४-२५ ची ७५२१ ची पट्टी पुढच्या हंगामात पुन्हा छापली की तिच्यावर ८११० येतं आणि लेखापरीक्षक विचारतो हे काय.

बाकीच्या सवयी भराभर सांगतो, त्या कुठल्याही चांगल्या डेव्हलपरला ठाऊक असतात, फक्त वेळ मिळत नाही. कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवा. ते २००५ पासून फुकट मिळतंय, तरी ‘फायनल_नवीन_२’ नावाच्या झिप फायली अजून सगळीकडे दिसतात. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिघेच आहात, म्हणून तर हे सोपं आहे. चालू डेटाबेसवर हाताने क्वेरी, म्हणजे थेट आज्ञा, चालवणं बंद. टेबलातला प्रत्येक बदल स्क्रिप्ट म्हणून गिटमध्ये यावा. चाचणीसाठी वेगळा सर्व्हर ठेवा, आणि त्यावरच्या नकलेत खरे आधार आणि खाते क्रमांक नकोत. बदल लहान ठेवा आणि वरचेवर सोडा. सहा महिन्यांचं एकदम सोडलं तर बिघाड कुठल्या ओळीत हे शोधण्यात आठवडा जातो.

वरचेवर म्हणालो, पण आपल्या हंगामाला धरून. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत खरेदी आणि चुकाऱ्याच्या भागात फक्त दुरुस्त्या सोडा. मे-जूनमध्ये बी-खताच्या विक्रीला हात लावू नका. मोठे बदल खरेदीत मार्च-एप्रिलला आणि जुलै ते सप्टेंबरला. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना हे वेळापत्रक करारातच लिहून द्या, त्यांना मृग कधी लागतो ते माहीत नसतं.

बॅकअपबद्दल एकच विचारा: मागच्या तिमाहीत त्यावरून पूर्ण डेटाबेस परत उभा करून कोणी पाहिला का? गिटलॅब ही कंपनी स्वतःच डेव्हलपरांसाठी साधनं बनवते. जानेवारी २०१७ मध्ये तिथे चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला आणि तेव्हा कळलं की पाचही प्रकारच्या बॅकअपांपैकी एकही धड चालत नव्हता. शेवटी सहा तास आधीची एक प्रत सापडली म्हणून निभावलं.

ईआरपीचं म्हणाल तर माझा तिला विरोध नाही, एका रात्रीत सगळं बदलण्याला आहे. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एकाच शनिवार-रविवारी सगळे ग्राहक नव्या प्रणालीवर नेले. लाखो लोकांना आपली खाती उघडता येईनात आणि नियामकांनी २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पाउंडांहून जास्त दंड ठोठावला. त्यांच्याकडे पैसा आणि माणसं दोन्ही भरपूर होती. तुम्ही एकेक भाग बदला. शिंदीच्या झाडावर वडाचं बी पडतं, मुळं हळूहळू खाली येतात आणि काही वर्षांनी आतली शिंदी नसली तरी वड उभा राहतो, तसं. आधी गावांची आणि सभासदांची यादी एका जागी आणा आणि तिन्ही सॉफ्टवेअरांना ती तिथूनच घ्यायला लावा. मग काटा. मग चुकारे. उचल शेवटी. काटा आणि चुकारे बदलताना दोन केंद्रांवर जुनं आणि नवं महिनाभर शेजारी चालवा आणि रोज संध्याकाळी बेरजा ताडून पाहा. एवढं झाल्यावर कदाचित ईआरपीची गरजच उरणार नाही, किंवा नेमकी कुठली हवी ते कळेल. कुठलाही करार करताना आपला सगळा डेटा, टेबलांच्या वर्णनासह, मागू तेव्हा मिळेल हे कलम आधी वाचा. ते नसेल तर स्वस्तातलंही सॉफ्टवेअर घेऊ नका.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच बंद करा. केंद्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधार आणि पासबुकांचे फोटो फिरत असतात, तुमच्याकडेही फिरत असतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षिततेत हयगय केल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या मायचं पासबुक दीडशे लोकांच्या ग्रुपवर पडलेलं कोणाला आवडेल?

तीन डेव्हलपर पुरतील का, तर हो, पुरतील. चौथा माणूस मिळत असेल तर डेव्हलपर घेऊ नका. एखाद्या केंद्रावर चार-पाच हंगाम काटा सांभाळलेला, एक्सेल येणारा, शेतकऱ्यांची घरं ओळखणारा मुलगा किंवा मुलगी मुख्यालयात आणा. दुबार सभासद जुळवणं, परत आलेले चुकारे, वारसनोंदी एवढंच काम द्या आणि विभागप्रमुखांना थेट फोन करायचा अधिकार द्या. मयत सभासदाच्या नावावर काटापट्टी फाटली हे त्याला नाव-गाव वाचूनच कळेल. डेव्हलपरांनी आठवड्यातून एकदा त्याच्या शेजारी बसावं, आणि खरेदी सुरू झाली की पाळीपाळीने एकेक दिवस काट्यावर जावं. मंडळासमोर जाताना ईआरपीच्या कोटेशनबरोबर या माणसाच्या वर्षभराच्या पगाराचा आकडाही ठेवा.